कांबो आणि विरेचन

पेरू आणि ब्राझील यांच्या सीमेवर पसरलेल्या अ‍ॅमेझॉनच्या अरण्यात एक मोठा हिरवा झाडबेडूक आढळतो. प्राणिशास्त्रात त्याचे नाव फिलोमेड्युसा बायकलर असे आहे. बेडूक म्हटले की उडी आठवते. हा मात्र फांदीवरून एकेक पाय टाकीत, एखाद्या संथ माकडासारखा चालतो. त्याला घाई नसते. त्याच्या त्वचेतून पाझरणारा स्रावच त्याचे शत्रूंपासून रक्षण करतो. या स्रावाला कोठे कांबो म्हणतात, तर कोठे सापो. आक्रे राज्यातील कातुकिना त्याला कांपो म्हणतात. मात्सेस, यावानावा, काशिनावा, मारुबो अशा अनेक जमातींना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कोन्स्तां तास्तव्हँ या फ्रेंच मिशनऱ्याने जुरुआ नदीच्या वरच्या खोऱ्यातील हा प्रघात १९२५ साली लिहून ठेवला. आज तोच स्राव युरोप-अमेरिकेतील शहरांत ‘आत्मशोधाचे औषध’ म्हणून दिला जातो. एका वस्तूचा अर्थ अरण्यातून शहरात येताना कसा पालटतो, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परका वाटू नये. भाषांतराचा प्रश्न तरी याहून कोठे वेगळा असतो?

मूळ विधी पाहावा. रात्री ओढ्याकाठच्या झाडावर बेडकाचा आवाज ऐकू आला की जाणता माणूस तसाच आवाज काढून त्याचा माग काढतो. बेडकाचे चारही पाय चार काटक्यांना ताणून बांधतात, पाठीवरचा स्राव काडीने निपटून घेतात आणि मग त्याला सोडून देतात. त्याला मारीत नाहीत. काडीवरचा स्राव वाळू देतात. ज्याला औषध द्यावयाचे त्याच्या दंडावर किंवा छातीवर धुमसत्या वेलीच्या टोकाने बारीक डाग देतात, वरची जळालेली त्वचा काढतात आणि पाण्याने किंवा थुंकीने ओला केलेला स्राव त्या उघड्या ठिपक्यांवर लावतात. क्षणार्धात अंगातून उष्णतेची लाट जाते, हृदय धडधडू लागते, चेहरा सुजतो, आणि मग वांती सुरू होते. थोड्या वेळाने सारे ओसरते. उरतो तो गळाठा, आणि त्यानंतर एक प्रकारची सावध, निवळलेली स्थिती.

हे सारे कशासाठी? शिकारीसाठी. ज्याचा बाण वारंवार चुकतो, ज्याच्या वाटेला जनावर येतच नाही, त्याला अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात ‘पानेमा’ लागली असे म्हणतात. मराठीत ‘पनवती’ म्हणावे तर जवळपास पोचते, पण पनवती ग्रहांकडून येते. पानेमा शरीरात मुरलेली असते, म्हणून ती शरीरातूनच काढावी लागते. कातुकिनांमध्ये दीर्घकाळ अभ्यास केलेल्या मानववंशशास्त्रज्ञ एदिलेने कोफासी दे लिमा यांनी आळसावरील उपायाचाही उल्लेख केला आहे. आळशी झालेल्या तरुणाला वडीलधारी माणसे कांपो घ्यावयास लावतात. येथे आळस हा केवळ स्वभावाचा दोष नाही. तो इतरांच्या ताटावर परिणाम करणारा आजार आहे.

लिमा यांच्या लेखनातील आणखी एक तपशील विशेष लक्षणीय आहे. औषध कोण लावतो याला फार महत्त्व असते. लावणारा स्वतः चांगला शिकारी, उद्योगी आणि लोकांच्या आदरास पात्र असावा लागतो, कारण त्याचे गुण औषधाबरोबर घेणाऱ्यात उतरतात. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. ‘हातगुण’ हा शब्द आपल्या घरांतून आजही ऐकू येतो, आणि औषध लागू पडले की आपण ‘गुण आला’ असे म्हणतो. औषधाचा गुण, हाताचा गुण आणि माणसाचा गुण यांना एकाच शब्दात बांधणारी आपली भाषा कातुकिना शिकाऱ्याला, मला वाटते असे म्हणावयासही न लागता, सहज कळली असती.

विज्ञानाने या स्रावाकडे वेगळ्या मार्गाने पाहिले. अमेरिकन पत्रकार पीटर गॉर्मन यांनी १९८०च्या दशकात मात्सेस लोकांमध्ये स्वतः सापो घेऊन त्याचे वर्णन केले. १९९३ साली व्हित्तोरियो एर्स्पामेर या इटालियन औषधशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यातील घटकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फायलोसेरुलीन जठर व पित्ताशय आवळते, फायलोकायनिन रक्तवाहिन्या सैल करते, तर डर्मोर्फिन आणि डेल्टॉर्फिन ही द्रव्ये अफू ज्या ग्राहींवर काम करते त्यांवरच काम करतात. वांती, धडधड आणि नंतरची शांतता यांचा उलगडा यातून बराचसा होतो. मात्र कोणाच्या हातून घेतले असता गुण येतो, हे प्रयोगशाळेला विचारता येत नाही. तो तिचा प्रश्नच नाही.

शहरी साधकाला कांबो भेटतो तो शिकारीच्या संदर्भातून पूर्ण सुटलेला. त्याला जनावर मारावयाचे नसते. त्याची पानेमा म्हणजे उदासी, जुनी दुखापत, व्यसन, किंवा आपण कोण आहोत हे न कळण्याची व्यथा. वांतीबरोबर आपल्यातील काही अशुद्ध बाहेर पडले अशी त्याची श्रद्धा असते. त्याची थट्टा करणे सोपे आहे आणि अनेकांनी ती केलीही आहे. परंतु माणसे डाग सोसून, तासभर यातना भोगून जे शोधतात ती गरज खोटी म्हणता येणार नाही. खरा प्रश्न पुढचा आहे: बाहेर पडल्यावर आत काय उरते, आणि ते ओळखावयाचे कोणी?

या ठिकाणी ‘कॅथार्सिस’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या या संज्ञेसाठी मराठी समीक्षेत ‘विरेचन’ हा वैद्यकातील शब्द रुळला. याकोब बेर्नाइस याने १८५७ साली शोकात्मिकेच्या या संज्ञेचा अर्थ वैद्यकाच्या अंगानेच लावला होता, आणि तेव्हापासून शरीराची शुद्धी की भावनांचे उन्नयन हा वाद पुरता मिटलेला नाही. (आयुर्वेदाच्या काटेकोर भाषेत कांबोला विरेचन नव्हे, वमन म्हणावे लागेल, पण समीक्षकांनी वैद्यांचे ऐकले आहे कधी?) वमनाचा आपला स्वतःचा विधी येथे ताडून पाहण्याजोगा आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानाचा आरंभच मदनफळाने, म्हणजे आपल्या गेळफळाने होतो. पण गेळ देण्यापूर्वी स्नेहन आणि स्वेदन असते, ऋतू व प्रकृती पाहिली जाते, आणि वमनानंतर पेजेपासून क्रमाक्रमाने नित्याच्या अन्नाकडे नेले जाते. ओकारी हा त्या साऱ्या प्रक्रियेचा मधला, लहानसा भाग. कातुकिना तरुणाच्या बाबतीतही तेच: ओकारीच्या आधी वडीलधाऱ्यांचा निर्णय असतो, नंतर अरण्य असते आणि शिकार मिळते की नाही ही कसोटी असते. शहरातील साधकाच्या वाट्याला बहुधा केवळ मधला भाग येतो. रोगनिदान त्याचेच, आणि बरे झाल्याचा निर्वाळाही त्याचाच.

ही उणीव केवळ तात्त्विक नाही. विधीच्या वेळी प्रमाणाबाहेर पाणी पाजल्यामुळे रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत, आणि मृत्यूही घडले आहेत. ऑस्ट्रेलियाने २०२१ साली कांबोची विक्री, पुरवठा आणि वापर निषिद्ध ठरवला.

कातुकिनांनी स्वतः काय केले, हे मात्र या चर्चेत क्वचित विचारले जाते. २००३ साली त्यांनी ब्राझीलच्या तत्कालीन पर्यावरणमंत्री मारिना सिल्वा यांना पत्र लिहून आपल्या ज्ञानाचा परस्पर वापर होत असल्याची तक्रार केली. मारिना सिल्वा याच आक्रेच्या रबरमळ्यांत वाढलेल्या. पुढच्याच वर्षी ब्राझीलच्या आरोग्य-नियामक संस्थेने कांबोच्या औषधी गुणांची जाहिरात करण्यास मनाई केली. मनाई झाली, मूळ मागणी मात्र आपले ज्ञान आपले म्हणून मान्य व्हावे, अशी होती.

मात्सेस लोकांनी निराळा मार्ग धरला. त्यांची भाषाच आधी पाहण्यासारखी आहे. डेव्हिड फ्लेक या भाषावैज्ञानिकाने दाखवून दिल्याप्रमाणे, मात्सेस क्रियापदात घटना केव्हा घडली एवढेच सांगून भागत नाही. बोलणाऱ्याने ती स्वतः पाहिली, खुणांवरून ताडली की नुसती कल्पिली, हेही प्रत्ययाने दाखवावे लागते. खूण पाहून ताडले असेल, तर घटना घडून किती काळ लोटला आणि खूण दिसून किती, या दोहोंचा हिशेब क्रियापदातच द्यावा लागतो. समोर नसलेल्या गोष्टीविषयी खात्रीचे विधान करणे या भाषेत अवघड आहे. ‘मला माझे खरे स्वरूप कळले’ हे वाक्य मात्सेसमध्ये उच्चारणाऱ्याला आधी ठरवावे लागेल, की त्याने ते पाहिले, की मागे राहिलेल्या पाउलखुणांवरून ओळखले. आत्मज्ञानाविषयी आपल्याकडे सहस्रावधी पृष्ठे लिहिली गेली. त्यांतील किती वाक्ये या व्याकरणाच्या चाळणीतून खाली उतरतील, हे सांगणे कठीण आहे.

याच भाषेत, २०१५ साली, मात्सेसांच्या पाच वैदूंनी आपल्या औषधविद्येचा सुमारे पाचशे पृष्ठांचा कोश पूर्ण केला. म्हातारे सांगत गेले आणि जमातीतील तरुण लिहून घेत गेले. वैदू वृद्ध झाले होते, आणि शिकणारे कोणी पुढे येत नव्हते. हा ग्रंथ केवळ मात्सेसमध्ये आहे. त्याचे स्पॅनिश किंवा इंग्रजी भाषांतर करावयाचे नाही, हे त्यांनी आरंभीच ठरवले होते.