हिस्टरी कुणी उडवली?

मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये रात्रपाळी करायचो तेव्हा तिन्ही पाळ्यांना मिळून सर्व्हरचं लॉगिन एकच. असं नसावं, पण होतं. लॉगिन एक म्हणजे हिस्टरीही एक. वरचा बाण दाबला की आधीच्या पाळीवाल्यांनी काय टाइप केलं ते दिसायचं.

एकदा घाईत मी डेटाबेसचा पासवर्ड कमांडमध्येच लिहिला. दुसऱ्या रात्री बाण दाबताना तोच समोर आला, तेव्हा सुपरवायझर पाठीशी उभे. त्यांचं लक्ष नव्हतं. मला मात्र घाम फुटला.

मोबाइलवर शोधून 'हिस्टरी मायनस सी' मारलं. यादी कोरी. लॉगआउट करून परत आलो, तर पासवर्ड जागच्या जागी! मायनस सी फक्त मेमरीतली यादी पुसतं. जुन्या ओळी होम फोल्डरमधल्या 'डॉट बॅश अंडरस्कोर हिस्टरी' या लपलेल्या फाइलमध्ये असतात. मग मायनस सीपाठोपाठ मायनस डब्ल्यू मारलं, म्हणजे रिकामी यादीच फाइलवर लिहिली. आता खरंच सगळं गेलं.

सगळं म्हणजे दादाचंही. तो नोकरी सोडून नाशिकला गेला होता, पण लेबल प्रिंटर अडकला की कंट्रोल-आर दाबून आम्ही त्याचीच एक लांबलचक ओळ शोधायचो आणि एंटर मारायचो. ती कागदावर कुठेच नव्हती.

तिसऱ्या रात्री प्रिंटर अडकला. बाहेर ट्रकांची रांग. "हिस्टरी कुणी उडवली रे?" सगळ्यांनी नव्या पोराकडे पाहिलं. मीही पाहिलं. ते अजून आठवतं.

दोन वाजता दादाला फोन लावला.

"अरे, एकच ओळ काढायची तर मायनस डी आणि तिचा नंबर, मग मायनस डब्ल्यू. आणि पासवर्ड बदललास का?"

नव्हता बदलला. तीन दिवस मी फक्त खुणा पुसत होतो.

"हिस्टकंट्रोलला इग्नोरस्पेस लाव," तो जांभई देत म्हणाला. "मग सुरुवातीला स्पेस दिलेली ओळ साठतच नाही. पण पासवर्ड कमांडमध्ये लिहूच नको. तो विचारेल तेव्हाच टाक."

मग आठवून आठवून त्याने प्रिंटरची ओळ सांगितली. तिसऱ्या प्रयत्नात लेबलं बाहेर आली. ती ओळ मी डिस्पॅच रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहिली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की हिस्टरी मी उडवली.

नवा पोरगा काहीच बोलला नाही. चहा आणायला त्या रात्री मी गेलो.