इंजिनाची निवांत चाल

मोटार उभी असता तिचे इंजिन चालू राहते, परंतु गाडी ओढण्याचे काम त्याजकडे नसते. अशा वेळच्या त्याच्या मंद गतीस मिस्त्री लोक ‘आयडलिंग’ अथवा नुसते ‘स्लो’ म्हणतात. निरोगी मनुष्याची नाडी विश्रांतीच्या वेळी जशी सावकाश व सम चालावी, तशीच ही गती असावी लागते. ती अकारण वाढली, किंवा क्षणात चढू व क्षणात उतरू लागली, म्हणजे आत काहीतरी बिघडले आहे असे खुशाल समजावे. हा विषय शाळेच्या वार्षिकात कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढील हकीकतीतच आहे.

माकणीस आमच्या घरी 1985 सालची एक प्रीमियर पद्मिनी आहे. ही गाडी आमच्या भागास अगदीच परकी म्हणता येणार नाही. कारण 1944 साली मुंबईत प्रीमियर कंपनी स्थापन करणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली सोलापुरास झाला. मूळ फियाट घराण्यातील या गाडीस ‘पद्मिनी’ हे नाव 1974 साली मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली; आमची मात्र अजून चालते. परीक्षेच्या दिवसांत मुलांना लोहाऱ्यास नेणे आणि अडल्यानडल्याला दवाखान्यात पोहोचविणे, ही तिची ठरलेली कामे होत.

गतवर्षी तिला एक विचित्र दुखणे जडले. सकाळी थंड असता इंजिन चोक ओढल्यावाचून टिकेना. आणि तापले की उभ्या गाडीत आपोआप ओरडू लागे. कधी तो आवाज चढे, कधी मरगळे, पुन्हा चढे. क्लच सोडताच गाडी पुढे उसळी घेई. बाजाराच्या दिवशी गल्लीत लहान मुले खेळत असता अशी गाडी चालविणे धोक्याचे होते. एका मिस्त्र्याने स्लोचा स्क्रू पिळून दिला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पहिलेच पाढे पंचावन्न. दुसऱ्याने स्पष्टच सांगितले, “भंगारात घाला.”

अशा वेळी आमचा एक जुना विद्यार्थी आला. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकून तो आता रस्त्याकडेला स्वतःचे लहानसे दुकान चालवितो. त्याने हत्याराला हात न लावता आधी मलाच प्रश्न विचारले: थंड असता काय होते, तापल्यावर काय होते, याआधी कोणी काय फिरविले? उत्तरे त्याने एका मळक्या वहीत टिपून घेतली. मग गाडी उघड्या अंगणात घेतली, कारण इंजिनाच्या धुरातील विषारी वायू बंद जागेत प्राण घेऊ शकतो. हँडब्रेक ओढून त्याने चाकांना दगड लावले व जवळपास कोणी विडी पेटवू नये अशी ताकीद दिली.

विद्यार्थिमित्रांनो, त्याच्या तपासाचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रथम ॲक्सिलरेटरचे सांधे व परतीची स्प्रिंग मोकळी आहेत की नाही, ते त्याने पाहिले. नंतर चोक पुरता आत जातो याची खात्री केली. दोन्ही ठीक निघाली. मग स्लोचा स्क्रू पूर्ण मागे घेतला. आता कार्बुरेटरातील हवेची झडप जवळजवळ मिटली होती. तरीही इंजिन धावतच राहिले. तो म्हणाला, “गुरुजी, दार लावले तरी वारा येतो आहे, म्हणजे खिडकी कोठेतरी उघडी आहे.”

यातील शास्त्र असे: एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते, आणि हे प्रमाण राखणे हे कार्बुरेटरचे काम. निवांत चालीत झडप जवळजवळ बंद असल्याने तिच्या खालच्या बाजूस हवेचा दाब बाहेरच्या निम्म्याहूनही कमी होतो. तेथे केसाएवढी फट असली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते. ती जास्तीची हवा चाल वाढविते. आणि मिश्रण फार पातळ झाले म्हणजे मधूनमधून ठिणगी वाया जाऊन चाल डळमळते.

फट शोधण्यासाठी त्याने कार्बुरेटरच्या बैठकीच्या सांध्याभोवती घट्ट ग्रीस बोटाने लिंपले. एका कोपऱ्यावर बोट फिरताच आवाज एकदम खाली आला. चोर सापडला! कार्बुरेटर उतरवून त्याची बूड त्याने काचेच्या तुकड्यावर ठेवली, तो एका बाजूस उजेड दिसला. नट वेळोवेळी कमीअधिक आवळल्याने बूड वाकली होती. काचेवर पॉलिशपेपर ठेवून त्याने ती घासून सपाट केली, नवे पॅकिंग बसविले आणि नट आळीपाळीने थोडेथोडे आवळले. इंजिन पुरते तापल्यानंतरच त्याने मिश्रणाचा व स्लोचा असे दोन्ही स्क्रू जुळविले. एवढ्याने न भागते, तर जेटमधील कचरा, फ्लोटची पातळी, प्लग, पॉईंट व ठिणगीची वेळ, असा त्याचा पुढील क्रम ठरलेला होता. एका वेळी एकच बदल करायचा आणि परिणाम पाहायचा, हा त्याचा नेम.

त्या दिवशी त्याचे वडीलही आले होते. ते मला हळूच म्हणाले, “गुरुजी, पोरगं शिकलं असतं तर खुर्चीवर बसलं असतं. हे काळे हात बघवत नाहीत.” मी त्यांना ती वही दाखविली. लक्षण, तर्क, प्रयोग, निष्कर्ष. विज्ञानाच्या तासाला आम्ही फळ्यावर जे लिहितो, तेच तेथे तेलाच्या डागांत लिहिलेले होते. ते बराच वेळ पाने चाळीत राहिले. जाताना एवढेच म्हणाले, “अक्षर चांगलं आहे त्याचं.” मुलगा तेव्हा रॉकेलने हात धूत होता, त्याने ते ऐकले, आणि खाली मान घालून हसला.

पालकांस माझी विनंती इतकीच, की मुलाचे हात काळे दिसले तर त्या हातांमागे बुद्धी कशी चालते, तेही पाहावे. आणि विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की स्क्रू पिळून आवाज दाबता येतो, दोष जात नाही. नापास झालेल्या विषयाचे पुस्तक मिटून ठेवणे, ताप असता नुसते अंग पुसून घेणे, घरातील भांडणावर गप्प बसणे, हे सारे स्क्रू पिळणेच होय. हवा कोठून शिरते ते शोधावे. त्यास वेळ लागतो, आणि तो देण्यासारखा असतो.