साबणाची वडी

माणसाने पन्नाशी ओलांडल्यावर काय करावे याविषयी आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नाही. पहाटे फिरावे, साखर सोडावी, रक्तदाब मोजून घ्यावा. पण अंधाऱ्या तळघरात दोन्ही हातांत विळे घेऊन, यांत्रिक करवती परजीत येणाऱ्या तिघा धटिंगणांना सामोरे जावे, असे कोणी सुचवल्याचे ऐकिवात नाही. मी गेले तीन महिने तेच करतो आहे. रात्री साडेनऊनंतर; ताक पिऊन झाल्यावर.

खेळाचे नाव 'डस्क'. म्हणजे आपली तिन्हीसांज. डेव्हिड शिमान्स्की नावाच्या गृहस्थांनी तो जवळजवळ एकहाती रचला आणि तो डिसेंबर २०१८ मध्ये पुरा झाला. मात्र त्याच्या अंगावरचे कपडे १९९६ सालचे आहेत. त्या वर्षी 'क्वेक' आला. त्याच्या आधी, १९९३ मध्ये, 'डूम'. 'डूम'चा पहिला भाग फुकट वाटायला मुभा होती, त्यामुळे ठाण्याच्या आमच्या संगणक-वर्गात तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर विरजणासारखा पसरला होता. मास्तर चहाला गेले की पडद्यावरचा हिशेब जाई आणि बंदूक येई!

म्हणूनच आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्हांला हा खेळ आवडत नाही. तुम्हांला तुमचे बाविसावे वर्ष आवडते."

मुलगा शिकला की असे बोलतो. पण वाचकहो, आरोप गंभीर होता, आणि मी तो मनावर घेतला. चिरंजीवांचा जन्म २००३ चा. 'क्वेक'शी त्यांचे नातेगोते नाही. तरीही रात्री दोन वाजता त्यांच्या खोलीतून अँड्र्यू हल्शल्ट यांच्या गिटारीचा दणदणाट ऐकू येतो, तो काही माझ्या आठवणींच्या प्रेमाने नव्हे.

त्याचे कारण मला वाटते वेग. या खेळातला माणूस चालत नाही, दमत नाही, आणि बंदुकीत गोळ्या भरायला थांबत नाही. हवेत उडी घेऊन कोलांटीही मारतो. डगलेवाल्यांनी फेकलेला जाळ आपल्याकडे येताना डोळ्यांना दिसतो, आणि दिसतो म्हणून चुकवता येतो. मेलो तर दोष आपल्या पायांचा. शिवाय नेम चुकून एका शत्रूचा मारा दुसऱ्याला लागला, तर ते दोघे आपल्याला विसरून एकमेकांवर तुटून पडतात. मी अशा वेळी कोपऱ्यात उभा राहून पाहतो. चाळीत वाढलेल्या माणसाला हे दृश्य नवे नाही.

आजच्या पुष्कळ खेळांत भिंतीआड क्षणभर टेकले की जखमा आपोआप भरून येतात. इथे तसे लाड नाहीत. औषधाची पेटी शोधा, रंगीत किल्ली शोधा, वाट चुका. बाण दाखवून बोट धरणारे कोणी नाही. दुसऱ्या भागातल्या 'एशर लॅब्ज'मध्ये तर जमीन कोणती आणि भिंत कोणती हेच कळेनासे होते; तिथे मी तीन रात्री काढल्या. आणि वेंडिगो! घाव बसेपर्यंत तो दिसतच नाही. नुसता जवळपास असतो. त्याने मला जेवढे घाबरवले तेवढे आजच्या गुळगुळीत चेहऱ्यांच्या राक्षसांनी कधी घाबरवले नाही.

आणि साबण. कुठेतरी अडगळीत एक साबणाची वडी लपवलेली असते. ती फेकून मारली की समोरचा कितीही अक्राळविक्राळ असो, जागच्या जागी संपतो. का, कसे, काही खुलासा नाही. ही थट्टा ज्या माणसाला सुचली त्याने खेळ विकण्यासाठी नव्हे, स्वतःला हसू आले म्हणून केला असावा.

सौभाग्यवती मात्र विचारतात, "त्या मेल्यांनी तुमचे काय घोडे मारले आहे?" याला खेळाकडेही धड उत्तर नाही. गोष्ट म्हणून जी आहे ती भिंतींवरच्या चार ओळींत आणि अधूनमधून कानी पडणाऱ्या धमक्यांत. पहिला भाग शेते, कोठारे आणि तपकिरी संध्याकाळ यांत जरा लांबतो. मोठमोठे दैत्य दिसायला भयंकर, पण त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घालीत गोळ्या झाडल्या की झाले. सत्यनारायणाला याहून अधिक खटपट पडते. इतर खेळाडूंशी झुंजण्याची सोयही आहे. मी तिथे डोकावलो तेव्हा चिटपाखरू नव्हते.

पण खरे दुखणे वेगळेच आहे. कळ दाबली की वाटेल तिथे खेळ जतन करता येतो. दार उघडण्यापूर्वी जतन, उघडल्यावर जतन. मग भीती कशाची? वेंडिगो आला काय, गेला काय. चिरंजीव म्हणतात, "कळ दाबू नका, म्हणजे झाले." मी म्हणतो, फराळाचा डबा उघडा ठेवून उपास करायला सांगणारा खेळ अर्धवटच. या मुद्द्यावर आमचे अजून जमलेले नाही. मात्र गेल्या चार वर्षांत आम्ही दोघे इतका वेळ एका विषयावर बोललो नव्हतो, हेही सांगितले पाहिजे.

पुढच्या महिन्यात ते नोकरीसाठी बंगळूरला जातील. संगणक त्यांचा, तोही जाईल. माझा तिसरा भाग, 'द नेमलेस सिटी', अजून निम्मा बाकी आहे. रात्रीची जेवणे हल्ली आम्ही साडेआठलाच उरकतो.