बाबांची मोडी आणि तीस हर्ट्झ

तुमच्यापैकी अनेकांनी लग्नाची व्हिडिओ कॅसेट भारतातून सुटकेसमध्ये जपून आणली असेल आणि इथल्या व्हीसीआरवर ती धड चालली नसेल. भारतातली ‘पाल’ पद्धत सेकंदाला 25 चित्रं दाखवायची, अमेरिकेतली ‘एनटीएससी’ जवळपास 30. इतरही फरक होते, पण परिणाम एकच, नवरानवरी गायब! 2016 साली याच जातीचा घोळ आमच्या घरी झाला. या वेळी चित्र मात्र छान दिसत होतं, म्हणूनच तो लवकर लक्षात आला नाही.

त्या उन्हाळ्यात बाबा साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते हौसेने मोडी शिकले, आणि आजोबांच्या पेटीतले जमिनीचे जुने कागद स्कॅन करून सोबत घेऊन आले. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर त्यांना त्रास होतो म्हणून मी 27 इंची फोर-के मॉनिटर आणला. अक्षरं कोरल्यासारखी दिसू लागली. बाबा खूश!

पण आठवड्याभरात वाचन मंदावलं. मोडी म्हणजे शक्यतो हात न उचलता लिहिलेली ओळ, तिच्यामागे कागद सतत सरकवत जावं लागतं. कागद सरकवला की ओळ धक्के खात पळायची. एका संध्याकाळी चहा घेताना बाबा शांतपणे म्हणाले, “अगं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं, पण डोळ्यांचं काही खरं नाही. आता मोडी पुरे.” वही त्यांनी बॅगेत ठेवूनसुद्धा दिली होती.

मी माऊस हलवून पाहिला. मलाही बाण उड्या मारतानाच दिसला. सेटिंग्जमध्ये रिफ्रेश रेट होता 30 हर्ट्झ, म्हणजे पडदा सेकंदाला तीसदाच नवा होत होता. नेहमीचा 60 चा पर्यायच दिसेना.

बाबा गणिताचे शिक्षक, त्यामुळे कागद-पेन्सिल घेऊनच बसलो. फोर-के म्हणजे 3840 गुणिले 2160, सुमारे 83 लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला 24 बिट, म्हणजे एका चित्राला साधारण 20 कोटी. सेकंदाला साठ चित्रं हवीत तर 1200 कोटी. आमच्या लॅपटॉपचं एचडीएमआय होतं 1.4 आवृत्तीचं, त्यातून चित्राचे जेमतेम 816 कोटी बिट जातात. तीस चित्रांचे 600 कोटी मात्र मावतात. म्हणून लॅपटॉपने गुपचूप निम्म्यावर तडजोड केली होती, ना सूचना, ना तक्रार.

“म्हणजे नळ तोच, हंडा मोठा झाला,” बाबा म्हणाले.

मग हंडा लहान करून पाहिला. 1920 बाय 1080 वर ठिपके चौपट कमी होतात, त्यामुळे 60 लगेच मिळाले. अक्षरं पुसट झाली, पण ओळ सुळकन सरकू लागली. डोळे शाबूत आहेत हे बाबांना तिथल्या तिथे पटलं. खरं सांगायचं तर माझ्या दृष्टीने काम तिथेच झालं होतं.

दुकानदाराने सोन्याचा मुलामा दिलेली महागडी एचडीएमआय केबल पुढे केली. तिचा काय उपयोग? लॅपटॉपचं सॉकेट, केबल आणि मॉनिटर या तिघांत जो सर्वांत हळू, त्याचाच वेग सगळ्यांना. आमचं सॉकेटच अडत होतं. सुदैवाने लॅपटॉपला शेजारीच मिनी डिस्प्लेपोर्ट होतं, आवृत्ती 1.2, सुमारे 1728 कोटींचं. साधी केबल आणून जोडली, तरी 30 च! मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्ट 1.1 वर ठेवलेलं निघालं. ते 1.2 केलं आणि 60 अवतरले.

2013 च्या एचडीएमआय 2.0 पासून फोर-के साठ हर्ट्झवर चालतं, आणि 2017 च्या 2.1 ला ‘अल्ट्रा हाय स्पीड’ केबल जोडली तर 120 वरही. पंचाईत अशी की प्लगचं तोंड सगळ्यांचं सारखंच. तेव्हा आईवडील येणार असतील तर त्यांच्या पडद्याचा आकडा एकदा सेटिंग्जमध्ये बघून ठेवा.

बाबांची वही ऑक्टोबरमध्ये भरली. गावच्या विहिरीत निम्मा वाटा शेजाऱ्यांचा होता, हे त्या कागदांतून निघालं. काकांना ते अजून मान्य नाही.