आपाचा फोटो

आमच्या अम्मीचा एकच फोटो आहे. हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. मागे पांढरा पडदा, मान ताठ, नजर कॅमेऱ्याच्या काचेत रुतलेली. अम्मीच्या इंतकालनंतर मी तो स्टुडिओत नेऊन मोठा करून आणला. कागद मोठा झाला, चेहराही मोठा झाला, पण अम्मी काही त्यात सापडली नाही. ती बोलताना डावी भुवई उचलायची, ती भुवई कुठेच नव्हती. मी तो फोटो आपाला दाखवला. तिने तो उलटा करून ठेवला आणि म्हणाली, "ये तो फॉर्म पे लगाने का फोटो है."

हे सगळं गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा आठवलं. आपाचं सासर भोपाळचं. भुसावळहून खंडवा-इटारसीमार्गे गाडीने मी तिच्याकडे गेले होते. भाची नुकतीच कॉलेजात जायला लागलेली. तिची एकच फर्माईश होती, "खाला, मेरा एक अच्छा फोटो निकाल दो. सेल्फी नहीं, असली फोटो." मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. स्नेहसंमेलनाचे, सहलीचे, निकालाचे फोटो काढायचं काम आपसूक माझ्याकडे येतं, एवढीच माझी लायकी. पण मी हो म्हटलं. आपाने अट घातली, "फोटो ले, मगर कहीं डालना नहीं."

भाचीने जागा निवडली भारत भवन. शामला हिल्सच्या उतारावर, मोठ्या तलावाच्या काठावरचं हे कलाकेंद्र १९८२ साली सुरू झालं. वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची. इथे आधुनिक चित्रांबरोबर आदिवासी कलावंतांची चित्रं आहेत, नाटकाचं रंगमंडल आहे, कवितेचं केंद्र आहे. पण इमारत शोधायला गेलात तर समोर इमारत दिसतच नाही. ती टेकडीत उतरवलेली आहे. तुम्ही पायऱ्या उतरत जाता आणि एकामागून एक अंगण उघडत जातं. वर आकाश, बाजूला भिंती, मध्येच तलावाचं पाणी. फोटोसाठी अशा जागेचं मोल काय, हे मला तिथे दोन तास चुका केल्यावर कळलं.

आम्ही दुपारी तीनला पोचलो. दारावर फोटोबद्दल विचारून घेतलं आणि बाहेरच्या अंगणातच थांबायचं ठरवलं. पहिली चूक लगेच झाली. मला सगळंच हवं होतं: पायऱ्याही, छतावरची उजेड आत घेणारी काँक्रीटची धुराडीही, तलावही आणि भाचीही. फोटोत सगळं आलं, भाची मात्र टाचणीएवढी. मग मी जवळ गेले, इतकी जवळ की तिचं नाक फुगलेलं दिसायला लागलं. फोन चेहऱ्याच्या अगदी पुढ्यात नेला की नाक-कपाळ मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. चार-पाच पावलं मागे जाऊन दुप्पट झूम केलं तेव्हा चेहरा चेहऱ्यासारखा आला.

दुसरी अडचण आपल्या घरांतली आहे, म्हणून सविस्तर सांगते. भाचीने काळा बुरखा आणि काळा हिजाब घातला होता. प्रत्येक फोटोत तिचा चेहरा पिठासारखा पांढरा येत होता. ती हिरमुसली. तिला वाटलं, दोष तिच्या चेहऱ्यात आहे. दोष फोनच्या हिशेबात होता. फोन सगळ्या चौकटीचा उजेड मोजतो. चौकटीत काळं कापड जास्त असलं की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो सगळंच उजळवतो. त्यात चेहरा जळून जातो. पांढरा कुर्ता, पांढरी टोपी घातलेल्या मुलाचं याच्या उलट होतं, चेहरा काळवंडतो. उपाय सोपा आहे. पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवायचं, शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते हळूहळू खाली ओढायचं. बुरखा काळाच राहतो आणि चेहऱ्याचा रंग परत येतो. चेहरा गोरा करणारं फिल्टरही मी बंद करून टाकलं. भाची गव्हाळ आहे आणि सुरेख आहे.

तिसरी गोष्ट उजेडाची. अंगणाच्या मधोमध उन्हात उभं केलं तर डोळ्यांखाली सावल्यांचे खड्डे पडत होते. मग मी तिला भिंतीच्या सावलीच्या कडेला, तोंड उघड्या आकाशाकडे करून बसवलं. अंगावर ऊन नाही, पण समोर सगळं आभाळ. तिच्या दोन्ही डोळ्यांत उजेडाचा एकेक ठिपका आला. तो ठिपका नसला की डोळे विझलेले दिसतात.

आपा तेवढा वेळ पायऱ्यांवर बसून होती, नकाबात. येणाऱ्या-जाणाऱ्यांवर तिची नजर होती. मी थट्टेने म्हटलं, "आपा, इतनी चौकीदारी?" ती हसली नाही. म्हणाली, "वो नीलामी वाली बात भूल गई क्या?" मी भुलले नव्हते. २०२१ च्या जुलैमध्ये आणि पुन्हा २०२२ च्या १ जानेवारीला मुस्लिम बायकांचे फोटो त्यांच्या खात्यांवरून उचलून ॲपवर 'लिलावा'ला मांडले गेले होते. पत्रकार होत्या, वकील होत्या, शिकणाऱ्या मुली होत्या. फोटोबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, ते मला माहीत आहेत. वर्गातल्या मुलींची आई फोटोला नाही म्हणाली की मी ते मतभेदांच्याच खात्यात टाकत आले होते. आपाची भीती वेगळी होती. ती फोटोला घाबरत नव्हती, तो कोणाच्या हातात जाईल याला घाबरत होती.

आणि हे भोपाळ आहे. इथे एकोणिसाव्या शतकात बेगमांनी राज्य केलं. सिकंदर बेगम पडदा न करता दरबार चालवायच्या, हजला जाऊन आल्या आणि त्या प्रवासावर त्यांनी लिहिलं. त्यांचे उघड्या चेहऱ्याचे फोटो आहेत. त्यांची नात सुलतान जहाँ बेगम, अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती. त्यांचे नकाबातले फोटो आहेत, वर मुकुट घातलेले. चेहरा दिसत नाही, तरी त्या कोण आहेत याविषयी शंका राहत नाही. आजीने एक ठरवलं, नातीने दुसरं. दोघींनी आपापलं ठरवलं.

मी हे आपाला सांगितलं. भाची म्हणाली, "अम्मी, फिर तुम्हारा भी एक." आपा नाही म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "नकाब में ही."

पाच वाजत आले होते. ऊन तलावाकडून तिरपं यायला लागलं होतं. मी दोन पायऱ्या खाली उतरले, म्हणजे फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आला. "इधर देखो" म्हटलं नाही. भाचीला तिच्याशी बोलत राहायला सांगितलं. भाची तिच्या अब्बांच्या बिर्याणीची गोष्ट सांगू लागली, जी दर ईदला खाली लागते. आपा हसली. नकाबात हसू दिसत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो फोटो पाहायला हवा होता. डोळे बारीक झालेले, एक हात मांडीवर आपटलेला, आणि डावी भुवई वर. अम्मीची भुवई.

मी फोन तिच्याकडे दिला. तिने खूप वेळ पाहिलं, काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा करत होती. घरात आम्ही तिघीच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तसाच थंड, सपाट उजेड येत होता, जसा त्या अंगणात भिंतीच्या कडेला होता. आपाने डोक्यावर ओढणी घेतली, चेहरा उघडा ठेवला, खिडकीपाशी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "अब ऐसा भी ले. ये सिर्फ इसके लिए है." तिने मुलीकडे बोट दाखवलं. मी सात-आठ फोटो काढले. त्यातला एक तिने निवडला, बाकीचे माझ्याकडून पुसून घेतले. निवडलेल्याची एकच प्रिंट काढली. घरातल्याच छोट्या प्रिंटरवर, कोणाच्या दुकानात नाही. मग तोही फोनमधून पुसायला लावला. "वो कचरे के डब्बे में से भी निकाल," तिने आठवण केली. तिला सगळं माहीत होतं.

प्रिंट भाचीच्या कपाटात आहे. भाचीचा फोटो भाचीच्या फोनमध्ये. आता शाळेत फोटो काढायची वेळ आली की मी प्रत्येक मुलीला आधी विचारते, काढू का, आणि काढल्यावर कुठे ठेवू. वेळ जास्त लागतो. दोघी-तिघी नाही म्हणतात, त्यांना मी फोन धरायला देते.

या लेखासोबत फोटो नाही. जो सगळ्यात चांगला आला, तो माझ्याकडे नाही.