बोका परत बोलत नाही

‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’मध्ये खलनायक नाही. १३ वर्षांची एक मुलगी झाडूवर बसून घर सोडते, समुद्राकाठच्या शहरात येते, बेकरीमागच्या माळ्यावर राहते आणि लोकांची पार्सलं पोचवते. कुणी तिच्या मागावर नसतं, राज्य वाचवायचं नसतं, शाप उतरवायचा नसतो. तरी अर्ध्याहून जास्त सिनेमा झाल्यावर एक रात्र अशी येते की तिला उडताच येईनासं होतं. का, ते कुणी सांगत नाही. मी हा सिनेमा दोनदा पाहिला आणि दुसऱ्यांदा त्या रात्रीपाशी अडकले. शेवट सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही, त्यामुळे पाहिला नसेल तर आधी पाहून या. १०३ मिनिटांचा आहे.

स्टुडिओ घिबलीचं नाव २०२५ मध्ये सगळ्यांच्या डीपीवर पोचलं, पण हा सिनेमा १९८९ चा. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी, मूळ कादंबरी एइको कादोनो यांची, १९८५ सालची. जपानी नावातला ‘ताक्क्यूबिन’ हा शब्द यामातो नावाच्या कुरिअर कंपनीचा ट्रेडमार्क आहे आणि त्या कंपनीच्या लोगोतही काळी मांजर आहे, तोंडात पिल्लू धरलेली. कंपनीने सिनेमाला पैसेही दिले. शहर मात्र जपानी नाही. त्यासाठी स्वीडनमधलं स्टॉकहोम आणि विस्बी पाहून चित्रं काढली होती. पण मियाझाकींच्या डोळ्यांपुढे होत्या त्या आपापल्या गावाहून टोकियोत येऊन एकटीने राहणाऱ्या मुली. यातली जादू म्हणजे अशा कुठल्याही मुलीकडे असतं तेवढंच, बेताचं कौशल्य. किकीला एकच गोष्ट येते, उडणं. तीही फार सफाईने नाही.

पहिल्यांदा पाहिला तो २०२० साली. घिबलीचे सिनेमे त्याच वर्षी आपल्याकडच्या नेटफ्लिक्सवर आले आणि त्याच वर्षी आमचं हॉस्टेल रिकामं झालं. इंजिनिअरिंगची शेवटची सेमिस्टर कराडच्या घरात, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संपत होती. नोकरी लागली होती, पण जॉइनिंगची तारीख पुढे पुढे जात होती. त्या दिवसांत मला किकीमध्ये फक्त निघणं दिसलं. ती तळ्याकाठी गवतात पडून रेडिओ ऐकत असते. आजची रात्र निरभ्र, पौर्णिमेची, असं हवामानाच्या बातमीत कळतं आणि ती पळत घरी येऊन सांगते, आजच निघते. ड्रेस काळाच का म्हणून कुरकुर, लहानपणीसारखं उचलून घ्या म्हणून वडिलांकडे हट्ट, आणि मग झाडांना धडकत धडकत आकाशात. रात्री २ वाजता मी पांघरुणात हसत होते. उरलेला सिनेमा जरा संथ वाटला होता.

दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा त्या संथ भागातलं सगळं मला पाठ होतं. मधल्या काळात मी ते जगून आले होते.

कॉलेजात असताना मी आमच्या स्टँडवरच्या एसटीच्या वेळा दाखवणारं एक छोटं अ‍ॅप केलं होतं. स्टँडवर उभं राहून फळ्यावरच्या वेळा वहीत उतरवल्या, रात्र जागून कोड लिहिला. वापरणारे १४ जण, त्यातले ९ नातेवाईक. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. पहाटे प्रोग्रॅम चालला की तो माझ्याशी काहीतरी बोलल्यासारखं वाटायचं. याहून बरं मला सांगता येत नाही. पुढे पुण्यात नोकरीत मी त्याच्या शंभरपट अवघड कामं केली. आणि चौथ्या वर्षी एका मंगळवारी दहा ओळींचं एक फंक्शन लिहिता येईना. काय लिहायचं ते माहीत होतं. कर्सर लुकलुकत होता आणि हात उचलत नव्हता. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. मॅनेजर बरा होता, पगार वेळेवर होत होता, कुणी काही बोललं नव्हतं. काही झालंच नव्हतं, मग सांगणार काय? आम्ही ज्याला रूट कॉज म्हणतो तो लॉगमध्ये सापडत नव्हता.

त्याच आठवड्यात आई गुडघा दाखवायला पुण्याला आली. संध्याकाळी तिच्यासाठी म्हणून मी किकी लावली. इंग्रजी सबटायटल्स तिला भराभर वाचता येत नाहीत, म्हणून मी मराठीत सांगत होते. आणि सुरुवातीलाच अडले. विचला काय म्हणायचं? चेटकीण, हडळ, डाकीण, जखीण. आपल्याकडचा प्रत्येक शब्द भीती घालायला किंवा एखादीला गावाबाहेर काढायला तयार झालेला. शेवटी म्हटलं, “हिला उडता येतं. हिच्या आईला औषधं करता येतात.” आई म्हणाली, “म्हणजे अंगातच आहे त्यांच्या.” याहून चांगलं भाषांतर मला सुचलं नसतं. काळा बोका, जिजी, किकीशी माणसासारखं बोलतो हे तिने एका मिनिटात मान्य केलं.

आई ३० वर्षं घरी ब्लाउज शिवते. त्यामुळे मी जे नुसतं बघितलं होतं ते ती हिशेबाने बघत होती. बेकरीवाली ओसोनो खोलीचं भाडं घेत नाही, त्याबदल्यात किकीने दुकानात मदत करायची, हे कळल्यावर तिला बरं वाटलं. किकी सामान घेऊन येते, उरलेले पैसे मोजते आणि काही दिवस पॅनकेकवरच काढायचं ठरवते, तिथे तिने नुसती मान हलवली. कॉट बेसिसवर राहताना महिन्याच्या शेवटी मी काय खायचे हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

मग पाईचा प्रसंग आला. एका आजीला नातीच्या वाढदिवसाला हेरिंग मासा आणि भोपळा घातलेली पाई पाठवायची असते. विजेचा ओव्हन चालत नाही, म्हणून किकी जुन्या भट्टीत लाकडं पेटवते. उशीर होतो, पाऊस गाठतो. पाई ती जपते, स्वतः भिजते. नात दार उघडते, आजीची ही पाई आपल्याला आवडत नाही असं म्हणते आणि दार लावून घेते. एवढंच.

आईने सिनेमा थांबवायला लावला. “भट्टी पेटवताना किती खुशीत होती बघ,” ती म्हणाली. “मी पण पहिल्या पहिल्यांदा गिऱ्हाइकाला ब्लाउज घालून दाखवायला लावायची. नंतर सोडलं. पिशवीत घालायचा, पैसे घ्यायचे.”

“का?”

“तोंडाकडे बघितलं की पुढचा शिवायला बसवत नाही.”

किकीला ताप येतो. बरी झाल्यावर तोंबो नावाच्या मुलाबरोबर ती एक छान दुपार घालवते, मग त्याच्या घोळक्यात तीच नात दिसते आणि ती फणकाऱ्याने घरी निघून येते. त्या रात्री जिजी नुसता म्याव करतो. त्याचं बोलणं तिला कळत नाही. ती घाबरून झाडू घेते, उतारावरून धावत सुटते, पुन्हा पुन्हा, आणि आईने दिलेला झाडू मोडतो. ताप, पाऊस, ती नात, मत्सर, एकटेपणा, थकवा, यातलं नेमकं कारण कुठलं हे सिनेमा सांगत नाही. मी बघताना एक एक कारण तपासत होते आणि एकही पुरेसं नव्हतं. ते पुरेसं नाही हे बघूनच मला जरा श्वास घेता आला.

मग जंगलातल्या केबिनमध्ये राहणारी चित्रकार उर्सुला येते आणि तिला आपल्याकडे घेऊन जाते. उर्सुला सांगते की तिचीही चित्रं एकदा अशीच थांबली होती. तोवर काढलेलं सगळं कुणाचं तरी बघून काढलेलं आहे, हे तिला कळलं होतं. मग काय करायचं? काढत राहायचं. तरीही नाही जमलं तर सोडून द्यायचं, फिरायचं, झोपायचं, काही करायचं नाही. जपानी आवृत्तीत किकी आणि उर्सुला दोघींचा आवाज मिनामी ताकायामा या एकाच अभिनेत्रीचा आहे. हे कळल्यापासून तो प्रसंग मला पुढे गेलेल्या मुलीने मागे राहिलेल्या स्वतःशीच बोलावं तसा ऐकू येतो.

मी तो सल्ला घेतला. आठ दिवस रजा टाकली, आईला घेऊन कराडला गेले, झोपले. जादू काही झाली नाही. परत आल्यावर एका दुपारी टीममधल्या नव्या मुलीचा बिल्ड फुटला, डेमोला अर्धा तास होता आणि ती रडायच्या बेतात होती. तिच्या लॅपटॉपवर, स्पेसबार अडकणाऱ्या कीबोर्डवर, मी २० मिनिटं सलग कोड लिहिला. उठल्यावर लक्षात आलं की आपण लिहीत होतो.

किकीचंही असंच होतं. भरकटलेल्या हवाई जहाजाच्या दोराला तोंबो लटकलेला असतो आणि तिच्याकडे झाडू नसतो. रस्ता झाडणाऱ्या एका म्हाताऱ्याचा ब्रश ती मागून घेते. तो ब्रश तिचं ऐकत नाही, वेडावाकडा उडतो, भिंतींना घासतो. पण ती पोचते. आई टाळ्या वाजवत होती. मग जिजी तिच्या खांद्यावर येऊन बसला आणि म्याव म्हणाला.

आई थांबली. “आता बोलेल ना?”

नाही बोलत. मूळ सिनेमात जिजी पुन्हा कधीच बोलत नाही. १९९८ च्या डिस्नेच्या इंग्रजी डबिंगमध्ये या जागी त्याच्या तोंडी एक वाक्य घातलं होतं, जणू सगळं पूर्ववत झालं. २०१० च्या आवृत्तीत ते काढून टाकलं. आईला मी हे सांगितलं तर म्हणाली, “मग तीच लावायची होती.” आमचा यावर वाद झाला आणि अजून मिटलेला नाही. तिचं म्हणणं, पोरीने एवढं सोसलं, उडणं परत आलं, मग बोका का नको? मला वाटतं, बोका बोलला असता तर मी त्या सिनेमावर विश्वास ठेवला नसता. मी आता रोज कोड लिहिते आणि बरा लिहिते. पण पहाटेचं ते बोलणं परत आलेलं नाही. एसटीचं अ‍ॅप कधीच बंद पडलंय. दोन तासांत पुन्हा चालू करता येईल, पण ते बनवणारी मुलगी त्या दोन तासांत परत येणार नाही. जिजी गप्प राहतो तेव्हा निदान एक सिनेमा तरी हे लपवत नाही.

अखेरच्या श्रेयनामावलीत किकी त्या मागून आणलेल्या ब्रशवरच उडताना दिसते. जिजीला पिल्लं झालेली असतात. आणि घरी तिचं पत्र येतं: मी आणि जिजी मजेत आहोत, कामाचा जम बसलाय, कधी कधी उदास वाटतं, पण हे शहर मला आवडतं.

मी वाचून दाखवलं. आई थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. “बोका बोलत नाही, ते नाही लिहिलं तिने,” ती म्हणाली.

“नाही.”

“आईला कळलं असेल,” ती म्हणाली, आणि मला विचारलं, ऑफिसात काय चाललंय. त्या दिवशी पहिल्यांदा मी ‘मजेत’ म्हटलं नाही.