आवाजाला वेळ लागतो

स्क्रॅच उघडले की पांढऱ्या रंगमंचावर एक केशरी मांजर उभे असते. त्याला हलवणे हा बहुतेक मुलांचा प्रोग्रामिंगमधला पहिला धडा: निळा ब्लॉक ओढायचा, हिरवा झेंडा दाबायचा, मांजर दहा पावले सरकते. आवाजाचे ब्लॉक मात्र बऱ्याचदा शेवटच्या तासासाठी राखून ठेवले जातात, पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तसे. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली ही भाषा २००७ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिचे नाव आले ते तबकड्या हाताने पुढे-मागे फिरवून नवे संगीत काढणाऱ्या डीजेंच्या ‘स्क्रॅचिंग’वरून. नावातच नाद असलेल्या भाषेत आवाज सर्वांत शेवटी यावा, हे मला पटत नाही. तो दुसऱ्याच दिवशी यावा, कारण प्रोग्राम काळात घडतो ही गोष्ट नवशिक्याला डोळ्यांआधी कानांना कळते.

चित्र एका क्षणात सगळे दिसते. आवाज मात्र उलगडावा लागतो. ‘म्याऊ’ सुरू होते, ताणले जाते, विरते. त्याला स्वतःची लांबी आहे, म्हणून ते वाजवायला स्क्रॅचमध्ये दोन ब्लॉक आहेत. ‘प्ले साउंड अनटिल डन’ आवाज संपेपर्यंत खालच्या ब्लॉकला थोपवून धरतो, तर ‘स्टार्ट साउंड’ आवाज सोडून देतो आणि लगेच पुढे निघतो. ‘फॉरएव्हर’च्या वेढ्यात चालण्याच्या ब्लॉकखाली पहिला जोडला, तर मांजर दहा पावले टाकते आणि म्याऊ पुरते होईपर्यंत खिळून राहते. त्याजागी दुसरा जोडला, तर मांजर धावते खरे, पण वेढा सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरत असल्याने म्याऊ दर वेळी नव्याने सुरू होते आणि पहिल्या अक्षरातच अडखळत राहते. दोन्ही वेळा संगणकाने सांगितलेलेच केले आहे. सुटका होते ती आवाजाची वेगळी स्क्रिप्ट करून दुसऱ्या हिरव्या झेंड्याखाली ठेवल्यावर: पाय एकीकडे चालतात, गळा दुसरीकडे. समांतर प्रक्रिया नावाचा मोठा विषय इथे एका मांजरापुरता, पण पूर्ण उभा राहतो.

सफरचंद झेलण्याचा सोपा खेळ घ्या. सफरचंद वाडग्याला टेकले तर ‘पॉप’ वाजव आणि गुण एकने वाढव, असे मूल लिहिते. सफरचंद वाडग्याला अर्धा सेकंद चिकटून राहिले तर गुण एकाऐवजी पंधरा वाढतात. याची सहसा तक्रार होत नाही. वाढलेले गुण कोणाला नको असतात? पण त्याच चुकीमुळे ‘पॉप’चा खडखडाट होतो, आणि तो कानाला लगेच खुपतो. ‘टेकलेले असणे’ वेगळे आणि ‘टेकणे’ वेगळे, स्थिती वेगळी आणि घटना वेगळी, हा भेद त्या खडखडाटात ऐकू येतो. मग स्पर्श सुटेपर्यंत थांबायला सांगणारा ब्लॉक मूल स्वतःच शोधू लागते. आकड्याने जी चूक पोटात घातली, ती आवाजाने चव्हाट्यावर आणली.

तयार आवाज ओढून चिकटवण्यात शिकणे कसले, असे कोणी म्हणेल. पण एमआयटीतच संगीत-शिक्षणाच्या अभ्यासक जीन बॅम्बर्गर यांनी १९७० च्या दशकात मुलांपुढे सुरावटींचे तयार तुकडे ठेवले होते, आणि ते जुळवून ओळखीची धून उभी करायला सांगितले होते. तुकडे तयार असले तरी कोणता कशानंतर शोभतो हे ऐकण्याचे काम मुलांचेच होते, आणि रचना त्यातूनच समजते. वर्गातल्या गोंगाटाचा आक्षेप खरा आहे. पण त्यावर हेडफोन आहेत, पाळ्या आहेत, आवाज कमी करणारा ब्लॉकही आहे. तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो: ज्या मुलाला ऐकू येत नाही, त्याचे काय? त्याच्यासाठी प्रत्येक ‘पॉप’सोबत वाडग्याचा रंग बदलायला हवा, आणि हे इतर मुलांनीही करावे, कारण एकच घटना दोन इंद्रियांना सांगायची म्हटली की ती नेमकी कोणत्या क्षणी घडते हे ठरवावेच लागते.

आवाजातून काळ शिकायला आपल्याकडच्या मुलांपाशी तर तालाची घरचीच शिदोरी आहे. स्क्रॅचच्या म्युझिक विस्तारात टेम्पो ६० ठेवला की एक मात्रा एका सेकंदाची होते. तीनतालाच्या १६ मात्रा चार-चारच्या चार विभागांत मांडताना पहिले दोन विभाग अक्षरशः सारखे निघतात, आणि ‘रिपीट’चा ब्लॉक कशासाठी असतो हे हाताला उमगते. ब्लॉकमध्ये १ मात्रेच्या जागी ०.५ लिहिले की दुगुन. टेम्पो साऱ्या प्रकल्पाचा एकच असतो, आवाजाची पट्टी आणि तीव्रता मात्र प्रत्येक पात्राची आपापली; मैफलीत लय सर्वांची एक आणि गळा ज्याचा त्याचा, तसेच.

पण सर्वांत नाजूक धडा मायक्रोफोनपाशी असतो. मूल स्वतःच्या तोंडाने ‘टप्’ म्हणून रेकॉर्ड करते, सफरचंदाला जोडते, आणि फळ पडून गेल्यावर आवाज येतो. ब्लॉक सगळे बरोबर असतात. मग ते ध्वनीच्या संपादकात जाते. तिथे लाटांच्या आधी एक सपाट रेघ दिसते: बटण दाबून ओठ उघडेपर्यंतची शांतता. ती रेघ निवडायची, कापायची आणि पुन्हा झेंडा दाबायचा. सफरचंद खाली येते, वाडग्याला टेकते, आणि त्याच क्षणी, टप्.